तुम्ही विचारलंत म्हणून: खिशात ठेवायला कुठलं पिस्तूल घेऊ?

परवाना हातात आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात छोटं कुठलं, खिशात ठेवलं तरी कुणाला कळणार नाही असं?" मला हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते. माझं उत्तर दरवेळी तेच असतं, सगळ्यात छोटं घेऊ नका, तुमच्या खिशात मावेल तेवढं मोठं घ्या. आणि लपवून बाळगायचे नियम प्रत्येक देशात, कुठेकुठे तर प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आधी वाचा, परवाना नसेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी नाहीच.

छोट्याचा मोह का पडतो ते मला कळतं. केल-टेक पी-३२ रिकामं असताना जेमतेम १९० ग्रॅम भरतं, २००८ साली आलेलं रुगर एलसीपी २७० ग्रॅमच्या आसपास, बॅरल म्हणजे नळी पावणेतीन इंच. काउंटरवर हातात घेतलं की वाटतं बस, हेच. पण रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, गेल्यावर कळतं की पिस्तूल जेवढं हलकं तेवढा झटका तुमच्या तळव्याला जास्त, करंगळीला पकडायला जागाच नाही, एक गोळी झाडली की पकड हलते आणि दुसरीच्या आधी ती परत नीट करावी लागते, आणि मूळ एलसीपीची साइट (नेम धरायची खूण) म्हणजे स्लाइडवरचा (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरचा) एक बारीक उंचवटा, कमी उजेडात तो दिसतसुद्धा नाही. मग होतं काय, माणूस एक-दोन मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) झाडतो, हात झिणझिणतो, आणि पिस्तूल खिशात जातं ते परत रेंजवर येतच नाही. जे झाडायला नकोसं वाटतं त्याचा सराव कुणी करत नाही, आणि छोट्या पिस्तुलाला तर मोठ्यापेक्षा जास्त सराव लागतो.

आता गोळीचं. खिशातल्या पिस्तुलात सध्या सगळ्यात जास्त चालते ती .३८०, जॉन ब्राउनिंगची १९०८ ची, ९ बाय १७ मिलिमीटर. नेहमीची नाइन एमएम म्हणजे ९ बाय १९, व्यास जवळपास तोच पण जोर बराच जास्त. १९८६ च्या मायामीतल्या गोळीबारानंतर एफबीआयने गोळ्यांच्या चाचण्या नव्याने बसवल्या, त्यात गोळी मांसासारख्या घट्ट चाचणीच्या जेलमध्ये १२ ते १८ इंच आत जायला हवी असं धरतात. छोट्या बॅरलमधून झाडलेल्या .३८० च्या होलो पॉइंटची (टोकाला खड्डा असलेल्या, आत शिरताना फुलणाऱ्या गोळीची) अडचण नेमकी इथे येते, वेग कमी पडला तर ती उघडतच नाही, आणि उघडली तर बऱ्याचदा १२ इंचांच्या आतच थांबते. म्हणून खोक्यावरचं नाव बघून गोळ्या घेऊ नका, तुमच्याच लांबीच्या बॅरलमधून कुणी चाचणी केलेली आहे का ते बघा. .३२ त्याहून कमजोर, पण झटका खूपच कमी, मनगटं दुखणाऱ्या माणसाने .३२ चा मनापासून सराव केला तर ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या नाइन एमएमपेक्षा ते मी कधीही चांगलं म्हणेन. फक्त .३२ च्या काडतुसाला मागे थोडी कड असते, आखूड होलो पॉइंट भरले तर मॅगझिनमध्ये एकाची कड दुसऱ्यामागे अडकून सगळं जाम होऊ शकतं, तेवढं सांभाळा.

एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. जड पिस्तूल म्हणजे झटका कमी असं सरसकट नसतं. वॉल्थर पीपीके स्टीलचं, ५०० ग्रॅमच्या वर, तरी .३८० मध्ये ते हाताला चांगलंच लागतं, कारण ते ब्लोबॅक आहे, म्हणजे बॅरल जागेवर घट्ट आणि स्लाइडला नुसती स्प्रिंग आणि स्वतःचं वजन अडवतं. ग्लॉक ४२ त्याहून हलकं, ३९० ग्रॅमच्या आसपास, पण त्यात बॅरल आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकून थोडं मागे येतात आणि मग सुटतात, त्यामुळे झटका मऊ लागतो, स्प्रिंगही कमी कडक चालते, स्लाइड ओढायला सोपी. बोटांत जोर कमी असेल तर हा फरक फार मोठा आहे. अगदीच ओढवत नसेल तर बेरेटा टॉमकॅट बघा, .३२ चं, त्याची बॅरल मागच्या टोकाकडून वर उचलली जाते आणि गोळी थेट चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या गोळी बसायच्या जागेत, ठेवता येते.

रिव्हॉल्व्हरबद्दलही विचारतात. स्मिथ अँड वेसन ६४२, पाच गोळ्या, .३८ स्पेशल, मागचा घोडा (हॅमर) आत झाकलेला त्यामुळे कापडात अडकत नाही, कोटाच्या खिशाला उत्तम. पण ट्रिगर जड आणि झटका दांडगा, नवीन माणसाला "रिव्हॉल्व्हर सोपं" म्हणून ते देतात ते मला अजिबात पटत नाही.

पिस्तुलापेक्षा मी जास्त भांडते ती होल्स्टरवरून. खिशातसुद्धा होल्स्टर लागतंच, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, पेन नाही, नाणं नाही, कारण ट्रिगरपाशी कधी काय जाईल सांगता येत नाही. पिस्तूल बाहेर असताना होल्स्टरमध्ये घालायचं आणि मग दोन्ही मिळून खिशात, खिशातल्या होल्स्टरमध्ये वरून पिस्तूल कधीच खुपसायचं नाही. काढतानाची गंमत अशी की खिशात हात घालून मूठ वळली की हात बाहेरच येत नाही, मूठ खिशाच्या तोंडापेक्षा रुंद होते. अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर टेकवा, बाकीची बोटं ग्रिपभोवती, ट्रिगरचं बोट होल्स्टरच्या बाहेरून सरळ, म्हणजे हात अरुंद राहतो आणि सहज वर येतो, अंगठा खाली येऊन पकड पूर्ण होते ती बाहेर आल्यावर. हे घरी रिकाम्या पिस्तुलावर करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. उभ्याने जमलं की खुर्चीत बसून करा, मग कळेल पुढच्या खिशातून बसल्याजागी काढणं किती अवघड आहे, गाडीत सीटबेल्ट लावलेला असेल तर जवळपास अशक्यच. ज्यांचा दिवस गाडीत जातो त्यांनी खिशाचा विचारच सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी, खिशातला कापूस आणि धूळ स्लाइडमध्ये जाते, दर आठवड्याला साफ करा. मनगट ढिलं धरलं तर ही छोटी पिस्तुलं अडकतात, म्हणून रोज बाळगायच्या आधी तुमच्या हातात निदान २०० गोळ्या न अडकता जायला हव्यात, त्यातल्या थोड्या तुम्ही जी बाळगणार तीच. जुनं एलसीपी वापरलेलं घेत असाल तर सिरीयल नंबर कंपनीकडून तपासून घ्या, २००८ मध्ये पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून सुरुवातीची पिस्तुलं रुगरने परत बोलावली होती. आणि घरी आल्यावर पँट बदलली की पिस्तूल पँटबरोबर खुर्चीवर राहतं, घरात लहान मूल असो नसो, आधी ते होल्स्टरसकट लॉकबॉक्समध्ये.

मग घ्यायचं कुठलं? रोजची पँट घालून दुकानात जा, ग्लॉक ४२ होल्स्टरसकट खिशात मावलं आणि बाहेरून आकार उठून दिसला नाही तर तेच घ्या. नाही मावलं तर २०२१ चं एलसीपी मॅक्स, ३०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये १० आणि चेंबरमध्ये १ गोळी, आणि त्याला साइट आहे, खरीखुरी. सिग पी३६५ सुंदर पिस्तूल आहे, नाइन एमएम आहे, पण भरल्यावर ते खिशात लोंबतं, ते कमरेलाच लावा. आणि शक्य असेल तर विकत घ्यायच्या आधी रेंजवर भाड्याने घेऊन ग्लॉक ४२ आणि एलसीपी मॅक्स दोन्ही झाडून बघा, पहिल्या मॅगझिनला नाही, चौथ्या-पाचव्याला हात काय म्हणतोय ते बघा.