पुंगळी अडकली पितळेची, दोष स्टीलचा

रविवारी सकाळी साडेसहाला आतेभावाचा व्हिडिओ कॉल. तो डॅलसला असतो, तिकडे शनिवारची रात्र, आणि मी इकडे मुलुंडला चहाचं आधण ठेवून डोळे चोळत उभा. म्हणाला, दादा तू मेटलमधला माणूस आहेस ना, मग हे बघ, आणि कॅमेऱ्यासमोर एक पिवळी पुंगळी धरली, म्हणजे काडतूस उडाल्यावर मागे राहतं ते रिकामं नळकांडं. मागच्या कडेचा एक लचका तुटलेला, मानेपाशी काळं कडं. त्याच्या एआर-१५ रायफलमध्ये ही अशी अडकली की एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने, कड सोलून काढली पण पुंगळी काय हलली नाही, शेवटी रेंजवरच्या माणसाने पुढून बॅरलमधून रॉड घालून ठोकून काढली.

त्याचं म्हणणं एकच, पितळेची काडतुसं भंगार निघाली. सकाळपासून स्वस्तातली स्टीलवाली सहा मॅगझीन मारली, एकही अडकलं नाही, मग मित्राकडची चांगली पितळेची भरली तर तिसऱ्यालाच ही बोंब.

मी बंदुकीतला माणूस नाही हे आधीच सांगतो. भांडुपला आमचा गाळा आहे, प्रेस टूलचं काम, पत्र्यातून कप ओढायचे. पण काडतुसाची पुंगळी म्हणजे शेवटी काय, खोल ओढलेला कपच की, मधे मधे भट्टीत घालून मऊ करायचा, पुन्हा ओढायचा. त्यात मामा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर, त्यामुळे लहानपणापासून सत्तर टक्के तांबं तीस टक्के जस्त हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ.

तर त्याला सांगितलं ते इथेपण लिहितो. गोळी सुटते तेव्हा आतल्या प्रेशरने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, म्हणजे गॅस मागे येत नाही. प्रेशर उतरलं की ती थोडी आक्रसते आणि सुटते. याला आमच्याकडे स्प्रिंग बॅक म्हणतात आणि डाय बनवताना तो आमच्या जिवावर उठतो, पण बंदुकीत तोच कामाला येतो. आता ताठपणा म्हणजे मॉड्युलस बघा, पितळेचा साधारण ११० गिगापास्कल, स्टीलचा २०० च्या आसपास. दोघांची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो ती, सारखी धरली तर पितळ जवळजवळ दुप्पट मागे येतं. म्हणून पितळ छान फुगतं पण आणि छान सुटतं पण, आणि स्टील दोन्हीत कंजूष. मानेपाशी ते पटकन फुगून बसत नाही, त्यात ही स्वस्तातली काडतुसं बरेचदा जरा मवाळ, म्हणजे कमी प्रेशरची, भरलेली असतात, मग थोडा धूर मानेवरून मागे येतो आणि चेंबरमध्ये काजळी धरते.

स्टील ताठ असल्यामुळे ते त्या काजळीवर फार दाबून बसतच नाही, येतं जातं, येतं जातं. सहा मॅगझीन तशी गेली. मग आली पितळेची, मऊ, ती त्या तापलेल्या चेंबरमध्ये काजळीसकट सगळ्या खाचाखोचांत घट्ट जाऊन बसली. अडकली पितळेची, पण राडा आधीच्या स्टीलने करून ठेवलेला. भाड्याच्या खोलीत आधीच्या भाडेकरूने गॅसचं बिल थकवलेलं असतं ना, तसं.

हे सांगितल्यावर त्याने लगेच गूगलवरचं ज्ञान काढलं, की दादा ते स्टीलच्या पुंगळीवरचं लॅकर वितळतं म्हणून चिकटतं. ही कथा तिकडे फार फिरते. पण आता बऱ्याच स्टीलच्या पुंगळ्यांवर लॅकर नसतंच, पॉलिमरचा थर असतो, तरी अडकायच्या त्या अडकतातच. शिवाय दुसऱ्या महायुद्धात जर्मन लोकांनी लॅकर दिलेल्या स्टीलच्या पुंगळ्या मशीनगनमधूनसुद्धा चालवल्या. अमेरिकेत तांब्याची टंचाई झाली तेव्हा इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिलला क्रायस्लर या मोटारवाल्या कंपनीच्या प्लँटमध्ये .४५ पिस्तुलाची स्टीलची काडतुसं अब्जावधींनी काढली. मोटारीच्या पत्र्याचे प्रेसवाले होते ते, आमच्याच जातकुळीचे, हे वाचलं तेव्हा उगाच छाती फुगली होती माझी.

मग त्याचा पुढचा सवाल, मित्राची एके-४७ छापाची रायफल तर स्टीलच खाते, साफसुद्धा करत नाही तो, तिला काही होत नाही. अरे होणारच नाही, कारण ते काडतूस आणि ती रायफल पहिल्यापासून स्टील डोक्यात ठेवूनच केलीय. एकेच्या काडतुसाची, म्हणजे ७.६२×३९ ची, पुंगळी बुडाशी ११.३५ मिमी आणि खांद्यापाशी, मान सुरू होते तिथे, १०.०७, म्हणजे चांगली निमुळती. मोल्डवाल्याला विचारा, ड्राफ्ट म्हणजे निमुळता उतार दिला की माल सुटतो, नाही दिला की हातोडी लागते. तिची पुंगळी जरा मागे सरकली की चारी बाजूंनी मोकळी. एआरच्या ५.५६ ची बुडाशी ९.५८ आणि खांद्यापाशी ९.००, जवळजवळ सरळ नळकांडं, ती शेवटपर्यंत घासत बाहेर येते. वर एकेचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे खेकड्याची नांगी, आणि चेंबरला आतून क्रोमचा मुलामा.

पण म्हणून पितळ म्हणजे गॅरंटी, असंही नाही. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ मध्ये, म्हणजे एआरच्याच लष्करी भावंडात, पुंगळ्या अडकून सैनिक मेले, १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसला चौकशी लावावी लागली, आणि त्या सगळ्या पुंगळ्या पितळेच्याच होत्या. मधेच पावडर बदललेली, चेंबरला क्रोम नाही आणि सैनिकांना साफ करायचं किटसुद्धा धड दिलेलं नाही. माझं मत विचाराल तर यात धातूला शिव्या घालण्यापेक्षा ज्याने किटचे पैसे वाचवले त्याला घालाव्यात.

स्टीलमुळे बॅरल खराब होते म्हणतात त्यातही अशीच गल्लत आहे. २०१३ मध्ये एका अमेरिकन काडतूस विक्रेत्याने चार सारख्या एआर घेऊन प्रत्येकीला एकेका ब्रँडचे दहा दहा हजार राउंड द्यायचे ठरवले, एक पितळेचा, तीन स्टीलचे. एका स्टीलवालीने मधेच मान टाकली, आणि बाकी स्टीलवाल्यांच्या बॅरल पार झिजल्या. पण झिजवलं पुंगळीने नाही, गोळीने, कारण त्या स्वस्त काडतुसांत गोळीचं जॅकेट, म्हणजे बाहेरचं कवच, तेपण तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं स्टील असतं. चेंबरमधून पुंगळी नुसती आत जाते, बाहेर येते, बॅरलमधून घासत जाते ती गोळी. आतेभाऊ म्हणाला, हां, म्हणूनच रेंजच्या काउंटरवर गोळीला लोहचुंबक लावून बघतात. आमच्याकडे भंगारवाला पितळ घेताना लावतो तसंच.

दुपारी मामांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चेंबर पुसला का त्याने? बाकी कशात त्यांना रस नव्हता.

नव्हताच पुसला. मग त्याने चेंबरचा ब्रश मागवला, पुढच्या शनिवारी घासून काढला (काजळीचा फोटो पाठवलाय, आमच्या वर्कशॉपमधल्या चिंध्या बऱ्या), आधी पितळ मारलं, मग स्टील, दोन्ही सुरळीत. मी म्हंटलं आता दोन्हीच्या रिकाम्या पुंगळ्यांचं बुडापाशी माप घेऊन पाठव, कोण किती मागे आलं ते आकड्यात बघू दे. तर म्हणतो गणपतीला येतोच आहे, खिशात टाकून आणतो दोन. खिशात! विमानतळावर बॅगेत पुंगळी सापडली तर आत्या मला पोलीस चौकीत हुडकायला लावेल. मापच पाठव म्हंटलं, व्हर्नियरने. व्हर्नियर नाहीये त्याच्याकडे. काल रात्री फोटो आला, पुंगळी आणि शेजारी मुलीची शाळेची पट्टी, इंचवाली.