कॅरोलाइनचं माहेर शोधताना: विस्कॉन्सिन ते डी स्मेट

अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘लिटल हाउस’ गोष्टींतले पा, म्हणजे तिचे वडील चार्ल्स इंगल्स, सगळ्यांना ठाऊक असतात. मा, म्हणजे आई, बिचारी चुलीपाशीच राहते. ती कॅरोलाइन, माहेरची क्वायनर. तिच्या माहेरचा माग काढायला आम्ही उन्हाळ्यात शिकागोहून गाडी काढली. कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

तिचा जन्म १२ डिसेंबर १८३९, विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफिल्डचा. ते आता मिलवॉकीचं उपनगर झालंय, तिथे फार रेंगाळू नका. मात्र कागद शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की ब्रुकफिल्ड ज्यात येतं ती वॉकेशा काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) १८४६ मध्ये मिलवॉकी काउंटीतून वेगळी निघाली. त्याआधीचे जमिनीचे व्यवहार हवेत तर मिलवॉकीचं दप्तर धुंडाळायचं.

खरी गंमत जेफरसन काउंटीतल्या कॉनकॉर्डला. १८४५ मध्ये कॅरोलाइनचे वडील ज्या जहाजावर होते ते वादळात बुडालं, आणि आई शार्लट पोरांना घेऊन एकटी पडली. १८४९ मध्ये तिने फ्रेडरिक होलब्रुकशी लग्न केलं. म्हणून कॉनकॉर्डच्या १८५० च्या जनगणनेत हे कुटुंब होलब्रुकच्या घरात शोधायला हवं. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिणारी ती पहिली जनगणना, पण नातं लिहायची पद्धत आली थेट १८८० मध्ये. तोवर सावत्र वडील की घरमालक, हे आपणच ताडायचं.

बाईचा माग नवऱ्याच्या नावाने काढाल तर लग्नाशी येऊन अडकाल. भावंडं धरा. क्वायनरांचा हेन्री आणि इंगल्सांची पॉली, मग १ फेब्रुवारी १८६० ला कॅरोलाइन आणि चार्ल्स: सरळ साटंलोटं. पुढच्या वर्षी एलायझा क्वायनरने पीटर इंगल्सशी लग्न केलं. म्हणजे लॉराची काही भावंडं मामेही आणि आतेही, काही मावसही आणि चुलतही! १८६३ मध्ये पश्चिम विस्कॉन्सिनमधल्या पेपिनची जमीन चार्ल्सने घेतली तीही याच हेन्रीच्या भागीदारीत. माहेरचा माणूस असा सासरच्या खरेदीखतात सापडतो.

विस्कॉन्सिनमध्ये जमीन आणि जन्म-लग्न-मृत्यू दोन्हींच्या नोंदी काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडे, असतात. पेपिन काउंटीचं कार्यालय ड्युरँडला आहे, पेपिन गावात नाही. १९०७ च्या ऑक्टोबरपूर्वीच्या नोंदींची सूची मॅडिसनच्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत मिळते. आधी तिथे बसा, मग काउंटीत जा. तिथली माणसं मदत करतात, पण नुसतं नाव घेऊन गेलात तर त्यांचाही इलाज नाही. साल आणि टाउनशिप (काउंटीचा छोटा विभाग) हाताशी ठेवा.

मॅडिसनहून हायवे १४ धरा, तोच थेट साउथ डकोटातल्या डी स्मेटपर्यंत, म्हणजे इंगल्स कुटुंबाच्या शेवटच्या गावापर्यंत, जातो. फक्त ला क्रॉसला तो सोडून मिसिसिपीच्या काठाने ३५ वरून वर पेपिनला जायचं. गावाबाहेर सातेक मैलांवर लॉराच्या जन्मस्थळी लाकडी घराची प्रतिकृती आहे. मग पुन्हा १४ कडे वळताना वाबाशाच्या पुलावरून मिनेसोटात शिरा. याच भागात साउथ ट्रॉयजवळ १८७६ मध्ये कॅरोलाइनचं नऊ महिन्यांचं बाळ फ्रेडी गेलं. त्याची कबर कुणालाच सापडलेली नाही. अशा वेळी १९०० ची जनगणना कामी येते: तिच्यात बाईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत, असे दोन रकाने आहेत. कॅरोलाइनची पाच झाली, चार जगली. तुमच्या शोधातल्या बाईचे हे दोन आकडे तुम्हाला सापडलेल्या मुलांशी जुळत नसतील तर एखादं मूल तुमच्या यादीतून निसटलंय.

लॉराच्या लहानपणी हे कुटुंब काही काळ कॅन्ससला राहिलं, त्या मुक्कामाचं खरेदीखत मात्र शोधू नका. ती जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची होती. चार्ल्सकडे मालकीच नव्हती.

डी स्मेटला चार्ल्सने १८८७ मध्ये बांधलेलं घर बघता येतं. कॅरोलाइन १९२४ मध्ये गेली. तिची कबर गावच्या दफनभूमीत, नवऱ्याच्या आणि मुलींच्या सोबतीने. दगडावरची अक्षरं पुसट असतील तर खडू किंवा शेव्हिंग क्रीम अजिबात लावू नका, दगड खराब होतो. लहान आरसा न्या आणि ऊन तिरपं पाडा. होमस्टेडची, म्हणजे सरकारने वसाहतकऱ्यांना दिलेल्या जमिनीची, फाइल हवी असेल तर ती डी स्मेटला मिळणार नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजकडून निघण्याच्या बऱ्याच आधी मागवून ठेवा.