.22 सेमी-ऑटो: कागदपत्रं झाली, आता चेंबर

मित्रहो, रायफल अखेर नावावर झाली. जुनी, झेक बनावटीची, .22 रिमफायर (बारीक काडतुसाची) सेमी-ऑटो, म्हणजे चाप दाबला की एक गोळी आणि पुढची आपोआप भरणारी, सुटं मॅगझिन, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. इथे परभणीतल्याच एका परवानाधारकाकडून घेतली. डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यांनी ती द्यायची ठरवली होती.

ज्यांना असा व्यवहार करायचा आहे त्यांच्यासाठी कागदांचं आधी सांगतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर निदान 45 दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी शस्त्राचा ताबा घ्यायचा नाही, इसार दिला असला तरी नाही. घेणाऱ्याचा परवाना चालू हवा आणि त्यात बोअर, म्हणजे नळीचं माप, स्पष्ट लिहिलेला हवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून दुसरी जागा कशाने भरायची याचा विचार पुरेसा करा. बॅरल (नळी) आणि रिसीव्हरवरचे (नळीमागच्या सांगाड्यावरचे) नंबर परवान्यातल्या नोंदीशी एकेक आकडा जुळवून पाहा. त्यात तफावत असेल तर रायफल कितीही देखणी असो, उठून या.

स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात 451.4 गुणांवर कांस्य जिंकलं, तेव्हापासून आपल्या भागातली पोरंही रायफलबद्दल विचारू लागली आहेत, याचा फार आनंद होतो. पण 50 मीटरच्या त्या प्रकारात प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते, तिथे सेमी-ऑटो चालत नाही. स्पर्धा खेळायची असेल तर एअर रायफलपासून सुरुवात करा, पैसे तिकडे घाला. आणि रानडुकरं पीक नासतात म्हणून कोणी .22 घ्यायचं मनात आणत असेल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय शिकार बंद आहे. ही रायफल रेंजवरच्या निशाण्यासाठी आहे, बस.

आता खरेदीतला खरा मुद्दा, चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची पोकळी. आमच्या ओळखीचे एक निवृत्त आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारे) आहेत. मी पॉलिश आणि ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) न्याहाळत होतो तेव्हा ते म्हणाले, "आधी चेंबर बघ रे. वरचा रंग कोणीही देतो." मॅगझिन काढून, बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे अडकवून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो. रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर मारते. रायफल वर्षानुवर्षं रिकामी चालवली असेल तर तीच पिन चेंबरच्या कडेवर आदळत राहते, तिथलं लोखंड दबतं आणि बारीक चोच आत येते. मग उडालेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं टरफल) त्या चोचीला धरून बसते. त्या आर्मररकाकांनी कान साफ करायची कापसाची काडी घेतली आणि चेंबरच्या तोंडाशी आतून हळूच फिरवली. एके ठिकाणी व्रण दिसत होता, पण कापसाचा एक धागाही अडकला नाही. तिथेच सौदा पक्का केला.

या रायफलींचा बोल्ट कुठेही कुलूपबंद होत नाही. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावर सगळं चालतं. गोळी पुढे निघते, त्याच दाबाने पुंगळी बोल्टला मागे ढकलते, बोल्ट परत येताना नवी गोळी भरतो. म्हणून चेंबरमध्ये मेण, शिसं आणि अर्धवट जळालेली दारू साठली की पुंगळी घासत निघते, बोल्टचा जोर कमी पडतो आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. सुरुवातीला ही रायफल तसंच करत होती. स्प्रिंग बदला, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) बदला, असे सल्ले लगेच मिळाले. मी काहीच बदललं नाही. पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून फक्त चेंबर घासलं, दात कोरायच्या काडीने एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालचा काळा थर काढला. तो थर इतका घट्ट होता की काडी मोडली. त्यानंतर त्याच खोक्यातल्या गोळ्या सुरळीत चालल्या आणि 25 मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (निशाण्यावरच्या छिद्रांचा घोळका) पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकला जाऊ लागला.

बॅरलला मात्र ब्रश नको. सेमी-ऑटोमध्ये सहसा मागून रॉड घालता येत नाही आणि पुढून घातला तर तोंडाची कड झिजते, तीच तर नेम ठरवते. पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) फ्लॅनेलची चिंधी लावून चेंबरकडून तोंडाकडे ओढा, पुरे.

तेलाबद्दल आपल्या भागाचं वेगळं गणित आहे. उन्हाळ्यात पारा 43 वर गेला की पातळ तेल ओघळून दस्त्यात मुरतं आणि जे उरतं त्यावर काळ्या मातीची धूळ बसून पेस्ट होते. म्हणून बोल्टच्या घसरणीवर एकेक थेंब, तोही पुसून. मॅगझिन आतून कोरडंच ठेवायचं. काडतुसांचंही तसंच. .22 च्या शिशावर मेणाचा हात असतो, गाडीच्या डिकीत ते मऊ होतं आणि धूळ उचलतं. ती धूळ थेट बॅरलमध्ये जाते. खोकं कापडी पिशवीत, सावलीत ठेवा.

गोळी फुसकी गेली तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. उशिरा उडण्याची शक्यता असते. यात घाई करणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहत नाही.

निवडणुकीत शस्त्र जमा करायची नोटीस आली तर कव्हरसकट देऊ नका. फोम आणि चामडं ओल धरतं. आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळा, पावतीवर नंबर आणि स्थिती लिहून घ्या. परत आणल्यावर आधी कोरडी चिंधी ओढा, तेल भरल्या बॅरलमधून गोळी मारू नका. 2024 ला परभणीचं मतदान 26 एप्रिलला आणि मोजणी 4 जूनला होती, म्हणजे ऐन उन्हाळा ते पावसाचं तोंड. तेव्हा माझी पहिली बंदूक जमा होती, ती अशीच गुंडाळून दिल्यामुळे डागाशिवाय परत आली.

पुढचं काम हिवाळ्यातलं. डिसेंबरात इथे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा स्टँडर्ड वेगाच्या (कमी जोराच्या) गोळ्या हा बोल्ट पूर्ण मागे नेतात की नाही ते पाहायचं आहे. नाही नेला तर मगच स्प्रिंगकडे वळेन. कोणाकडे जुन्या झेक सेमी-ऑटोच्या मूळ स्प्रिंगचं माप असेल तर जरूर कळवा.