गाडीतळावरचे वळण

पुण्यातील दोन रात्रींचा मुक्काम संपवून ज्येष्ठ वद्य एकादशीच्या पहाटे आई आणि मी एकत्र निघालो. तिची दिंडी तुकोबारायांच्या सोहळ्यातली, म्हणून ती नाना पेठेत निवडुंग्या विठोबाजवळ उतरली होती; मी माउलींच्या सोहळ्यात, म्हणून भवानी पेठेत पालखी विठोबाजवळ. हडपसरपर्यंत दिंडी सोडून मोकळ्या समाजाबरोबर चालण्याची परवानगी आम्ही दोघांनीही घेतली होती, कारण तिथे गाडीतळावर रस्ता फुटतो : तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोरला जाते आणि माउलींची उजवीकडे वळून दिवे घाटाने सासवडला.

एरवी हडपसर मला ठाऊक होते ते बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या वाहतूक कोंडीपुरते. गाडीतळ म्हणजे गाड्या सोडण्याची जागा, हा त्या नावातला साधा अर्थसुद्धा पायी आल्यावरच लक्षात आला. त्या सकाळी उड्डाणपुलाखाली कुणी वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला शिवून देत होते, कुणी पायांना तेल चोळत होते, आणि मगरपट्ट्याच्या कचेऱ्यांत काम करणारी, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले केळ्यांचे घड घेऊन उभी होती. एकादशी असल्याने खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, पुन्हा खिचडी असा मारा चालला होता. कुणाला नाही म्हणावे, तर समोरचा हात जोडून "माउली, एवढे घ्याच" म्हणे. "एकादशी आणि दुप्पट खाशी," आई हसून म्हणाली आणि तिसरा लाडू तिने पिशवीत टाकला.

गाडीतळावर मी तिच्या पाया पडलो. उठतो न उठतो तोच ती माझ्या पायांशी वाकली. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तरीही मी पाय मागे घेतले. "घरी मी तुझी आई," ती म्हणाली, "इथे तू माउली आहेस. नीट उभा राहा." मी उभा राहिलो. मग आता गाठ पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला, एवढेच बोलून ती डोक्यावरची तुळस सावरत लोणीच्या गर्दीत शिरली.

माझी दिंडी रथामागची, तिला यायला अवकाश होता. सासवड अजून वीस किलोमीटरांहून दूर होते आणि घाट भर उन्हात लागणार होता, म्हणून मी वळणावरच्या कट्ट्यावर बसून नगाऱ्याच्या आवाजाची वाट पाहू लागलो.