आमची वाटचाल : तालुक्याच्या गावातलं स्कॅन सेंटर आणि अर्धांगाचे पेशंट

विट्यात सीटी स्कॅन सेंटर काढायचं म्हटल्यावर बँकेच्या मॅनेजरपासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, सांगली-मिरज एवढी जवळ असताना इथे कोण येणार? मी रेडिओलॉजिस्ट, माझे यजमान इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. घर तारण ठेवून सोळा स्लाइसचं (एका फेरीत सोळा काप टिपणारं) वापरलेलं मशिन घेतलं, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना काढला. पेशंट पाठवल्याचं कमिशन कुणालाही द्यायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. त्यामुळे सुरुवातीची वर्षं हप्ते भरताना जीव मेटाकुटीला आला. तरी ते पाळलं आणि आजही पाळतो.

आमच्या सेंटरला वळण लावलं ते अंगावरून वारं गेलेल्या पेशंटनी. तेव्हा चिठ्ठीवर एकच प्रश्न यायचा: रक्तस्राव आहे का? ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं. ते नसलं की बहुतेक ठिकाणी ‘नॉर्मल’ लिहून विषय संपायचा. गुठळीनं रक्तवाहिनी बंद झाली असेल तर पहिल्या दोन-तीन तासांतला सीटी वरवर पाहता खरंच नॉर्मल वाटतो. पण विंडो अरुंद करून, म्हणजे पडद्यावर करड्या छटांमधला फरक ठळक करून बघा. इन्सुला या मेंदूच्या आत दडलेल्या घडीची कड पुसट झालेली असते, लेंटिफॉर्म न्यूक्लिअस हा मेंदूच्या खोलातला पुंजका आजूबाजूच्या भागात मिसळून गेलेला असतो, कधी मधली मोठी धमनीच पांढऱ्या दोरीसारखी उठून दिसते. कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी २००० साली यालाच गुण द्यायची पद्धत मांडली, ‘अ‍ॅस्पेक्ट्स’. त्या धमनीच्या हद्दीतले दहा भाग तपासायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागामागे दहातून एक गुण वजा करायचा. सात किंवा त्याहून कमी गुण पडलेल्यांत मृत्यू आणि परावलंबन खूप जास्त, असं त्यांना आढळलं होतं.

हे गुण द्यायचे तर डोकं टेबलावर सरळ हवं. जरा तिरकं झालं की डावी-उजवी बाजू एका पातळीवर येत नाही आणि तुलनाच फसते. पेशंट तळमळत असतो, त्याला वेळ काय चाललीय ते कळत नसतं. अशा वेळी आमचा टेक्निशियन त्याच्या कानाशी वाकून ‘आबा, नाक छताकडं ठेवा’ म्हणत दोन्ही बाजूंनी फोम लावतो, पट्टा बांधतो, आणि लेझरची रेघ नाकावरून नीट गेल्याशिवाय स्कॅन सुरू करत नाही. त्या दोन मिनिटांवर पुढचा सगळा रिपोर्ट उभा असतो. फिल्मवरही एवढे बारीक बदल धड दिसत नाहीत, म्हणून आम्ही मूळ इमेज थेट न्यूरोलॉजिस्टच्या कॉम्प्युटरवर पाठवायला लागलो.

मग २०१८ साल आलं. ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ या चाचण्यांमुळे निवडक पेशंटमध्ये झटक्यानंतर सोळा, अगदी चोवीस तासांपर्यंतही रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी काढता येते, हे सिद्ध झालं. निवडायचे कसे, तर इमेजिंगवरून. मेंदूचा किती भाग मेला आणि किती भाग रक्त कमी पडल्यानं नुसता बंद पडलाय, हे सांगणं आमच्याकडे आलं. परफ्युजन सीटीत शिरेतून दिलेला डाय (स्कॅनमध्ये दिसणारं औषध) मेंदूतून जाताना पुन्हापुन्हा चित्रं घेतात. निरोगी भागाच्या तीस टक्क्यांहून कमी रक्त मिळणारा भाग साधारणपणे गेलेला धरतात, आणि डाय सहा सेकंदांहून जास्त उशिरा पोचणारा धोक्यातला. जुन्या मशिनवर हे नीट जमणारं नव्हतं. पुन्हा कर्ज काढलं आणि मशिन बदललं. त्या निर्णयाचं मला आजही समाधान वाटतं.

मात्र आकडा म्हणजे भविष्य नव्हे. झटक्यानंतर अगदी लवकर केलेला परफ्युजन सीटी मेलेला भाग फुगवून दाखवू शकतो. शिवाय २०२२-२३ मध्ये जपान, चीन आणि इतर देशांतल्या चाचण्यांनी दाखवलं की मोठा भाग गेलेल्यांनाही गुठळी काढल्याचा फायदा होतो. त्यामुळे ‘आता नेऊन उपयोग नाही’ हे वाक्य आमच्या सेंटरमध्ये कुणी उच्चारायचं नाही.

पुढे एमआरआय आला. त्यातल्या डिफ्युजन या प्रकारच्या चित्रांत गेलेला भाग काही मिनिटांतच चमकायला लागतो आणि त्याचं आकारमान मोजता येतं. पहिल्या चौदा तासांत ते १४५ मिलिलिटरच्या वर गेलं, तर जीवघेणी सूज येण्याची शक्यता फार मोठी. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, कारण पेशंट डोळे उघडून बघत असतो. ‘बोलतायत की, उद्या बघू’ म्हणतात. मी त्यांना पडद्यासमोर बसवते, तो पांढरा भाग दाखवते आणि सांगते, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढेल. तेव्हा न्यूरोसर्जन जवळ हवा, आजच निघा.

‘हात चालेल का?’ हा प्रश्न तर ठरलेला. इथे नुसता आकार बघून चालत नाही. इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे हालचालीचे तंतू जिथून एकत्र खाली उतरतात त्या पट्ट्याच्या, मागच्या भागातला वाटाण्याएवढा डागही अख्खा हात पाडू शकतो. म्हणून हा हालचालीचा मार्ग डागाच्या तावडीत सापडलाय की वाचलाय, हे आम्ही रिपोर्टमध्ये वेगळं लिहितो. तरीही तिसऱ्या दिवशी खांदा उचलतोय का, बोटं उघडतायत का, हे तपासल्याशिवाय मी कुणाला होकार किंवा नकार देत नाही.

सध्या रात्रीचा टेक्निशियन सेंटरच्या वरच राहतो. गाडीतून निघतानाच फोन आला तर टेबल रिकामं ठेवतो, अर्धांगाचा पेशंट रांगेत पहिला, पैसे नंतर. दारात आल्या आल्या विचारतो ते एवढंच: शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? ती वेळ कागदावर लिहून आणलीत तर फार मदत होते.