कीटनचे कट तपासताना

चित्रपट संकलनाच्या वर्गात मी अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) या मूकपटातला स्वप्नाचा प्रसंग दरवर्षी दाखवते. चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवणारा तरुण झोपी जातो, स्वप्नात समोरच्या पडद्यात शिरतो आणि मग प्रत्येक कटला, म्हणजे एक दृश्य तोडून पुढचे जोडले की, त्याच्याभोवतीची जागा बदलत जाते. समुद्रातल्या खडकावरून तो सूर मारतो आणि डोक्यावर बर्फात रुततो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हा स्टुडिओत उभा आहे आणि मागचे दृश्य नंतर चिकटवले आहे, असे कशावरून नाही?"

प्रश्न रास्त होता, म्हणून ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही कटाच्या अलीकडची आणि पलीकडची फ्रेम संगणकावरच्या संकलनाच्या टाइमलाइनवर एकावर एक ठेवली व वरची अर्धपारदर्शक केली. ऊन आणि पायाखालची जमीन प्रत्येक ठिकाणी वेगळी होती. कीटनची आकृती मात्र आकाराने आणि ठेवणीने जुळत होती. तो आणि त्याचा छायालेखक एल्गिन लेसली यांनी प्रत्येक स्थळी कॅमेऱ्यापासूनचे अंतर जमीन मोजण्याच्या उपकरणांनी मोजले होते, हे मी सांगितले तेव्हा सगळी मुले पडद्याजवळ येऊन उभी राहिली. पुढचा सारा तास त्यांनी एकेक कट स्वतः ताडून पाहिला, आणि इतक्या वर्षांत या प्रसंगावर इतके मन लावून काम झालेले मी पाहिले नव्हते.

याच चित्रपटात पाण्याच्या टाकीखालच्या दृश्यात त्याची मान मोडली होती आणि ते त्याला कित्येक वर्षांनी एक्स-रेमध्ये कळले, हेही मी सांगितले. त्यावर, असा माणूस नंतर मागे का पडला, असे कुणीतरी विचारले. बोलपट आले म्हणून, हे सरधोपट उत्तर मला पटत नाही. १९१७ मध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या 'द बुचर बॉय'मधून पडद्यावर आलेल्या कीटनला १९२० पासून स्वतःचा स्टुडिओ लाभला होता, आणि तिथे एखादी गंमत साधेपर्यंत थांबायची, पुन्हा मोजायची, पुन्हा चित्रित करायची मुभा होती. १९२८ मध्ये तो एमजीएम या हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपट कंपनीत गेला आणि लिखित पटकथा, ठरलेले वेळापत्रक व निर्मात्याची संमती यांत ती मुभा हळूहळू संपली; नट तोच राहिला, पण त्याच्यातल्या दिग्दर्शकाला काम उरले नाही.