60 जणांचा ग्रुप आणि न दिसणारे नंबर

आमच्या ग्रुपमध्ये 60 जण आहेत आणि प्रत्येकाच्या घरी स्मृतिभ्रंश झालेले कोणी ना कोणी आहे. कोणाची आई, कोणाचे सासरे, दोघांच्या बाबतीत पत्नी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुण्यात एका शाळेच्या वर्गात भेटतो. एरवी ग्रुप चालतो तो फोनवर, आणि तोही बहुधा रात्री अकरानंतर, कारण आजारी माणूस झोपल्याशिवाय सांभाळणाऱ्याला दोन ओळी लिहायला सवड मिळत नाही. हा ग्रुप आम्ही जुन्या अ‍ॅपवरून सिग्नल या संदेश पाठवण्याच्या अ‍ॅपवर नेला, त्याला दोन घटना कारण झाल्या.

पहिली घटना तशी किरकोळ होती. आईसाठी मार्गदर्शन हवे आहे असे सांगून एक गृहस्थ ग्रुपमध्ये आले, आठवडाभर एक अक्षर बोलले नाहीत आणि निघून गेले. त्यानंतर सकाळी सातपासून आमच्यापैकी बऱ्याच जणांना फोन येऊ लागले, की आजोबांसाठी चोवीस तासांचा माणूस हवा आहे ना, आमच्या ब्यूरोकडे आहे. ग्रुपमध्ये शिरले की सगळ्यांचे नंबर समोर असत, त्यामुळे त्यांना वेगळे काहीच करावे लागले नव्हते.

दुसरी घटना मात्र आम्हाला फार लागली. आमच्यातल्या एका मैत्रिणीने एका रात्री लिहिले होते, की बाबांनी आज मला ताई म्हणून हाक मारली आणि पेन्शनचा कागद सहीला दिला तर तो उलटा धरला. त्या मजकुराचा स्क्रीनशॉट पंधरा दिवसांत तिच्या भावाच्या वकिलांकडे होता. बाबांनी पूर्वी केलेले बक्षीसपत्र शुद्धीत नसताना केले, हे दाखवण्यासाठी तो वापरायचा होता. तो कोणी पाठवला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. त्या महिन्यात ग्रुपवर सुविचार आणि सुप्रभात यांखेरीज काही आले नाही.

या दोन्ही वेळी एन्क्रिप्शन शाबूत होते, हे मला समजायला वेळ लागला. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये मजकुराला पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागते आणि ते घेणाऱ्याच्या फोनवरच उघडते. मधल्या वाटेवर कंपनीलाही आत डोकावता येत नाही. पण एंड म्हणजे टोक, आणि आमच्या ग्रुपला 60 टोके होती. फुटले होते ते टोकाला. म्हणून अ‍ॅप बदलताना मी कुलूप किती पक्के आहे यापेक्षा आत बसलेल्यांना एकमेकांचे काय दिसते, दार कोण उघडते आणि बोललेले किती दिवस राहते, एवढेच पाहिले.

सिग्नल तसे आमच्याकडे नवे नव्हते. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या धोरणावरून गदारोळ झाला तेव्हा अनेक घरांत सिग्नलवर ‘फॅमिली’ नावाचा ग्रुप निघाला आणि महिन्याभरात ओस पडला. आमच्याही घरात निघाला होता. त्यातला शेवटचा संदेश संक्रांतीचा आहे. पण तेव्हाच्या सिग्नलमध्येही ग्रुपमधल्या सर्वांना एकमेकांचे नंबर दिसतच होते. ते बदलले 2024 च्या फेब्रुवारीत, आणि माझ्या दृष्टीने या अ‍ॅपमधला तो सर्वांत मोठा बदल आहे.

आता तुमचा नंबर फक्त त्यांनाच दिसतो, ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून साठवलेला आहे. बाकीच्यांना तुम्ही प्रोफाइलमध्ये लिहिलेले नाव तेवढे दिसते. खाते उघडायला नंबर अजूनही लागतो, तेव्हा सिग्नलपासून तो लपत नाही; लपतो तो शेजारी बसलेल्यापासून. प्रथम ओळख करून घेण्यासाठी यूजरनेम आहे. ते किंवा त्याचा क्यूआर कोड दुसऱ्याला दिला की तो नंबराशिवाय तुम्हाला संदेश पाठवू शकतो. यूजरनेमच्या शेवटी किमान दोन आकडे असावेच लागतात. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक काका 74 वर्षांचे आहेत. त्यांनी आडनावापुढे 74 टाकले आणि लगेच विचारले, की पुढच्या वाढदिवसाला बदलावे लागेल का. बदलावे लागत नाही, मात्र हवे तेव्हा बदलता येते, आणि जुने सोडून दिले की त्या नावाने तुम्हाला कोणी गाठू शकत नाही. ब्यूरोवाल्यांच्या अनुभवानंतर ही सोय किती मोलाची आहे, ते काकांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

यूजरनेम म्हणजेच ग्रुपमध्ये दिसणारे नाव, अशी निम्म्या लोकांची समजूत झाली होती. तसे नाही, गप्पांमध्ये दिसते ते प्रोफाइलचे नाव, आणि ते काहीही ठेवता येते. परिणामी आमच्या ग्रुपमध्ये सध्या दोन ‘माई’ आहेत आणि एक जण केवळ एक टिंब आहे. टिंबाला मी ओळखते, त्यामुळे हरकत नाही.

आणखी एक सेटिंग मी भेटीच्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर स्वतः बसून पाहिले. ‘नंबरवरून मला कोण शोधू शकेल’ असा एक पर्याय आहे आणि तो मुळात ‘सर्व जण’ असा असतो. म्हणजे ज्याच्या फोनबुकात तुमचा नंबर आहे त्याला तुम्ही सिग्नलवर आहात हे कळते. तिथे ‘कोणीही नाही’ निवडले की तेही बंद होते. एवढे करूनही जुन्या 40 जणांना एकमेकांचे नंबर दिसत राहिले, कारण ते त्यांच्याकडे साठवलेले होतेच.

दाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि मला तो जास्त रंजक वाटतो. सिग्नलच्या ग्रुपमध्ये कित्येक वर्षे अ‍ॅडमिन हा प्रकारच नव्हता. कोणीही कोणालाही आत घ्यावे आणि आलेल्याला काढता येऊ नये, असा कारभार होता. हा आळस नव्हता. ग्रुपमध्ये कोण आहे हे आपल्या सर्व्हरलाही कळू नये, असा सिग्नल बनवणाऱ्यांचा आग्रह होता, म्हणून ग्रुपचा संदेश सर्व्हरकडे प्रत्येक सदस्याच्या नावाने सुटा सुटा जाई आणि सदस्यांची यादी ज्याच्या त्याच्या फोनवर असे. दोघांनी एकाच वेळी यादी बदलली, तर कोणाची खरी मानायची हे ठरवणारे मध्ये कोणी नव्हते. मग अ‍ॅडमिनला अधिकार देणार कोण? यादी सर्व्हरवर ठेवावी तर गुप्तता जाते, न ठेवावी तर शिस्त राहत नाही, असा हा पेच होता.

त्यावरचा तोडगा त्यांनी डिसेंबर 2019 मध्ये जाहीर केला आणि 2020 मध्ये तो सर्वांना मिळाला. यादी आता सर्व्हरवर असते, पण कुलूपबंद, आणि किल्ली सदस्यांच्या फोनवर. एखाद्याने यादीत बदल करायचा म्हटला, तर तो या ग्रुपचा सदस्य आहे आणि त्याला तो अधिकार आहे, एवढे सर्व्हर गणिताने पडताळतो. तो कोण आहे हे त्याला कळत नाही. दारावर बसलेल्या माणसाने पासावरचा शिक्का खरा आहे का ते पाहावे आणि पासावर नावच नसावे, तसा हा प्रकार आहे. ग्रुपचे नाव आणि फोटोही याच कुलपात असतात. आमच्या ग्रुपच्या नावात आजाराचा उल्लेख आहे. ‘अमुक नंबरचा माणूस अशा नावाच्या ग्रुपमध्ये आहे’ ही नोंद कोठेही असू नये, असे मला वाटते, आणि ते मजकूर लपवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशावरून सिग्नलला माहिती द्यावी लागली, तेव्हा खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले, या दोनच गोष्टी त्यांच्याकडे देण्यासारख्या होत्या.

अ‍ॅडमिन आल्यामुळे ग्रुपची लिंक देणे, लिंकवरून येणाऱ्याला आधी मंजुरी देणे आणि लिंक रद्द करून नवी काढणे, हे सर्व शक्य झाले. मी लिंक कोणालाही फोनवर पाठवत नाही. शनिवारी वर्गातल्या फळ्यावर क्यूआर कोडचा छापील कागद लावते, नवे आलेले तो तिथेच स्कॅन करतात, आणि घरी पोचले की मी लिंक बदलून टाकते. हा अतिरेक आहे असे माझा मुलगा म्हणतो. परंतु फेब्रुवारी 2025 मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिले, की रशियाशी संबंधित हेरांनी युक्रेनमधल्या लोकांना सिग्नलच्या ग्रुपची बनावट निमंत्रणे पाठवली होती. ती उघडली की ग्रुपमध्ये जाण्याऐवजी समोरच्याचे उपकरणच तुमच्या खात्याला जोडले जाई. आमच्या मागे कोणी हेर लागणार नाहीत, हे मला कळते. पण ‘ग्रुपची लिंक आली की दाबायची’ ही सवय त्यांनाही आहे आणि आम्हालाही.

दारावरच्या चुकीचे प्रसिद्ध उदाहरण त्यानंतर महिन्याभरातच जगाने पाहिले. येमेनमधल्या हल्ल्यांची चर्चा करणाऱ्या अमेरिकन मंत्र्यांच्या सिग्नल ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांनाच चुकून घेतले गेले होते. तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्या खात्यावरून ते निमंत्रण गेले होते आणि चर्चा चालू असताना आतल्या कोणालाही पत्ता नव्हता; गोल्डबर्ग यांनी नंतर ते मासिकातून जाहीर केले. कुलूप कोणी तोडले नव्हते. सदस्यांची यादी कोणी वाचली नव्हती. तेव्हापासून मी दर रविवारी आमची यादी वरपासून खालपर्यंत वाचते, टिंबासकट.

बोललेले किती दिवस ठेवायचे, यावर मात्र आमच्यात खरा वाद झाला. सिग्नलमध्ये आपोआप नाहीसे होणारे संदेश काही सेकंदांपासून 4 आठवड्यांपर्यंत कोणत्याही मुदतीचे ठेवता येतात, आणि मुदत वाचणाऱ्याच्या फोनवर त्याने वाचल्यापासून मोजली जाते. वकिलांच्या प्रकरणाने होरपळलेल्यांना एक दिवस हवा होता. त्याच सुमारास एका सदस्याने लिहिले, की आई न्हाणीघरात शिरायलाच तयार नसे. आतली बाई आपल्याकडे पाहते म्हणायची. आरशावर जुनी चादर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून आंघोळ सुरळीत झाली. हा मजकूर दिवसभरात पुसला गेला, तर महिन्याने येणाऱ्या नव्या माणसाला तो कोण सांगणार? शेवटी 1 आठवडा ठरला आणि मी एक 200 पानी वही केली. ‘आरसा: चादर’ अशा नोंदी मी तीत बिननावाने उतरवते आणि शनिवारी ती वर्गात फिरते. मुदत बदलण्याचा अधिकारही मी अ‍ॅडमिनपुरता ठेवला, कारण पहिल्या आठवड्यात ती तीनदा बदलली गेली होती.

सिग्नलच्या सर्व्हरवर कुलूपबंद बॅकअप ठेवण्याची सोय सप्टेंबर 2025 पासून येऊ लागली, आधी अँड्रॉइडवर. तिची 64 अक्षरांची किल्ली ज्याची त्याने सांभाळायची. हरवली तर सिग्नललाही ती देता येत नाही. काकांनी ती एलआयसीचे पॉलिसी क्रमांक लिहिलेल्या डायरीत उतरवली आहे आणि दोनदा ताडून पाहिली आहे.

स्क्रीनशॉटवर मात्र उपाय नाही. स्क्रीन सुरक्षेचे सेटिंग आहे, पण ते आपल्या स्वतःच्या फोनपुरते. समोरच्याने काढलेला फोटो त्याने अडत नाही. ज्या मैत्रिणीचा मजकूर बाहेर गेला, ती नव्या ग्रुपवर आली आहे, इतरांचे वाचते, कधी अंगठा दाखवते. बाबांबद्दल ती आता फक्त शनिवारी बोलते.

आणि नंबर लपवल्याचा भुर्दंड सध्या मीच भरते आहे. पूर्वी कोणी आत येऊ पाहिले की नंबर दिसे, मी फोन लावत असे, दोन मिनिटांत आवाजावरून अंदाज येत असे. मागच्या शनिवारी फळ्यावरचा कागद तिघांनी स्कॅन केला असे मला वाटले होते. संध्याकाळी मंजुरीसाठी चार अर्ज होते. तिघांची नावे ओळखीची निघाली. चौथ्याचे नाव नुसते ‘एस’ आहे, फोटो एका तुळशीवृंदावनाचा. संदेश पाठवून विचारता येईल, पण उत्तर कोण देते आहे, हे उत्तरावरून कळणार नाही. कदाचित मागच्या बाकावर बसलेल्या, शेवटपर्यंत काहीच न बोललेल्या त्या बाई असतील. अर्ज मी नाकारलेला नाही आणि मंजूरही केलेला नाही. पुढच्या शनिवारी फळ्यावरच्या कागदाखाली ठळक लिहून ठेवणार आहे, की ‘एस’ यांनी कृपया माझ्याजवळ येऊन बसावे.